पहिल्या झोक्याची बोली

१९ जानेवारी, रविवार

पेपरात फोटो! माझे सासरे, पापाजी, हात जोडून उभे, मागे मेहरूण तलावाच्या बाजूचा आमचा रिकामा प्लॉट. मथळा — ‘दिव्यांग बालकांसाठी साकारणार हक्काची बाग’. खाली सासूबाईंचं नाव, स्व. जतनबाई यांच्या स्मरणार्थ. आणि त्याखाली — दानशूर अभयकुमारजी म्हणाले की, समाजातील या उपेक्षित मुलांनाही खेळाचा आनंद मिळावा ही माझी तळमळ आहे.

तळमळ!

नाश्त्याला सगळे होतो. पापाजी, माझा नवरा अर्पित, नणंद विधी, मी. रोनक माझ्या शेजारी त्याच्या चाकाच्या खुर्चीत. पापाजींनी बातमी दोनदा मोठ्यानं वाचली. बाग म्हटल्यावर रोनकनं टाळ्या वाजवल्या. त्याच्या टाळ्यांचा आवाज होत नाही, जन्मापासून हातपाय ताठ, हात एकमेकांना चुकतात. पण वाजवतो. पापाजींनी पेपरची घडी घातली आणि मला म्हणाले, ‘बहू, अकराला विधीला बघायला पाहुणे येताहेत. त्याला साडेदहाला वर ने.’

त्याला! सात वर्षांचा नातू आहे तुमचा. नाव ठेवलंय त्याचं, बारशाला तुम्हीच पेढे वाटलेत. उपेक्षित मुलं शोधायला मेहरूणपर्यंत कशाला जायचं? आपल्याच घराचा जिना चढा की.

नेलं वर. मीच नेलं. म्हणून तर जास्त चिडचिड होते आहे.

२३ जानेवारी

विधीचा बायोडेटा आज पहिल्यांदा नीट वाचला. ‘भाऊ — एक, विवाहित.’ संपलं. अर्पितला बायको आहे हे समाजाला कळलेलं चालतं. मुलगा आहे हे नको.

सासूबाई होत्या तोवर असलं काही नव्हतं. त्या रोनकला कडेवर घेऊन मंदिरात जायच्या. कुणी चुकचुकलं की म्हणायच्या, ‘तुझे पाय काय कामाचे गं, कधी देवाला आलीस का?’ त्या गेल्या, विधीची स्थळं सुरू झाली आणि रोनक वर गेला. आता त्याच बाईच्या नावानं बाग.

२ फेब्रुवारी, रविवार

बागेच्या कमिटीची मीटिंग, आमच्याच बैठकीत. ट्रस्टचे चार काका, आर्किटेक्ट आणि ‘पालकांच्या प्रतिनिधी’ म्हणून एक बाई — शिल्पाताई. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. मुलगी नऊ वर्षांची, संघमित्रा, तिला दिसत नाही. मी कशासाठी? दात्याची सून, मिनिट्स लिहायला.

नकाशा उलगडला. छान रंगीत. मध्ये मोठा झोका, खुर्चीसकट चढता येईल असा — लोखंडी फळी, मागे उतार, चाकं अडकवायला कड्या. त्याच्याभोवती जाळीचं कुंपण आणि कुलूप.

शिल्पाताई म्हणाल्या, ‘कुंपण कशाला?’

‘बाकीची मुलं मोडतील ना.’

‘मोडू दे. दुरुस्त करा. माझ्या पोरीला दुसऱ्या पोरांबरोबर खेळायचंय, दुसऱ्या पोरांनी तिला जाळीतून बघावं म्हणून नाही आणायची मी तिला.’

एक काका हसून म्हणाले, ‘मॅडम, फुकट मिळतंय तर इतकं खोलात कशाला जायचं?’ शिल्पाताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की काकांनी चहाचा कप उचलला. रिकामा होता.

मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. आणि तेवढ्यात त्यांनी मला विचारलं, ‘ताई, तुम्हाला किती मुलं?’

मी तोंड उघडायच्या आत पापाजी म्हणाले, ‘एक आहे. मजेत आहे.’

वरून रोनकचा आवाज येत होता. त्याला खाली यायचं असलं की तो ओरडतो. सगळ्यांनी ऐकलं. पापाजींनी पंखा वाढवायला सांगितला!

९ फेब्रुवारी, रविवार

बागेचं काम बघायला गेले. डोकं फिरलं.

उतार बांधलाय. उत्तम, रुंद, कठडा लावलेला. कुठे जातो? सासूबाईंच्या नावाच्या संगमरवरी पाटीपर्यंत! घसरगुंडीला चार पायऱ्या. झोक्याच्या खाली वाळू, भरपूर. त्यात चाक एक वीत तरी जाईल का? आणि एवढ्या पसाऱ्यावर सावलीचा पत्ता नाही. जळगावच्या एप्रिलात लोखंडी घसरगुंडीवर पापड भाजून निघेल, पोरं कशी बसायची?

कौतिकभाऊ ठेकेदार मान खाजवत उभे. ‘ताई, नकाशामा शे तसंच करी ऱ्हायनू मी. पाटीले उतार शेठजींनीच सांगा. म्हने मोठमोठा पाहुना येथीन, बठ्ठासना गुडघा दुखतस.’

पाहुण्यांचे गुडघे! दिव्यांगांची बाग आणि सोय कुणाची, तर हार घालायला येणाऱ्यांच्या गुडघ्यांची.

शिल्पाताईही तिथं आल्या होत्या. मी त्यांना सांगितलं. सरळ, वाळूत उभं राहून — माझा मुलगा खुर्चीत असतो, त्या दिवशी वरून ओरडत होता तो तोच. वाटलं होतं, बाई हात हातात घेईल, डोळे भरून येतील वगैरे. छे!

‘मग त्या दिवशी गप्प का बसलात?’ म्हणाल्या. ‘मी एकटी भांडत होते तिथं. माझ्याकडे ना प्लॉट, ना ट्रस्ट. तुम्ही घरातल्या. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर पुरला असता.’

रागानं कान तापले. त्यांच्यावर नाही.

जाताना म्हणाल्या, ‘पुढच्या रविवारी घेऊन या त्याला. नकाशा बघून काय कळतं? चाक फिरवून बघू.’

१६ फेब्रुवारी, रविवार

नेलं! पापाजी आणि अर्पित भुसावळला लग्नाला गेले होते. बेबाबाई — रोनकला सांभाळते, अमळनेरकडची — तिला बरोबर घेतलं, रिक्षा केली.

वाळूत चाक रुतलं ते रुतलंच. कौतिकभाऊंनी डोळ्यांनी बघितलं, बरं झालं. आम्ही तिघी खुर्ची ओढतोय तर रोनक खदखदा हसतोय. शिल्पाताईंची मित्रा आवाजाच्या दिशेनं आली. विचारलं, ‘कोण हसतंय?’ त्यानं नाव सांगितलं. त्याला वेळ लागतो नाव सांगायला. ती थांबली. मग तिनं त्याच्या हातात मूठभर वाळू दिली आणि त्यानं ती तिच्याच डोक्यावर टाकली. पुढे अर्धा तास तेच — ती वाळू देतेय, हा उडवतोय, दोघं ओरडतायत. पोरगी नखशिखांत माखली.

सात वर्षांत माझ्या मुलाला कुणी मित्र नव्हता. आणि आम्ही म्हणत होतो, त्याला करमतं हो घरात, टीव्ही आवडतो त्याला.

२ मार्च, रविवार

धुळ्याची मंडळी आली. मुलगा, वडील, आई. आईचं नाव कोकिळाबाई, कमी बोलतात, सारखा पदर सावरतात. मुलगा चांगला वाटला. विधीला आवडलाय हे तिच्या चहा देण्यावरून कळलं, कप एकदाही वाजला नाही तिचा.

रोनक वर. टीव्ही मोठ्यानं. तरीही एकदा ओरडलाच. पापाजी म्हणाले, ‘शेजारी छोटी मुलं आहेत.’

मी ट्रे घेऊन वर गेले तेव्हा बेबाबाई जिन्यात बसलेली. म्हणाली, ‘भाभी, चोरीना माल शे का तो, दपाडी ठेवाले?’ मी तिच्यावर ओरडले. तिच्यावर ओरडायचं काही कारण नव्हतं. लपवतोय ते लपवतोय म्हणाली एवढाच तिचा गुन्हा.

३ मार्च

अर्पितशी भांडण. त्याचं म्हणणं — दोन महिन्यांचा प्रश्न आहे, सगाई होऊ दे, मग सांगू. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ म्हणजे माझा मुलगा? तुझाही आहे ना रे तो? मान खाली घालून चार्जर शोधायला लागला. माणूस वाईट नाही. रोनकला आंघोळ घालतो, गोष्टी सांगतो, गुदगुल्या करतो. पण दार बंद करून! वडिलांसमोर त्याचा आवाज निघत नाही.

विधी ऐकत होती बहुतेक. रात्री जेवली नाही.

१८ मार्च

कुंपण निघालं! कसं निघालं ते ऐकून शिल्पाताई रस्त्यात थांबून हसल्या.

महिनाभर मी पापाजींना समजावत होते — मुलं वेगळी पडतात, पिंजरा दिसतो, बागेचा अर्थच जातो. ‘बघू’ म्हणायचे. गेल्या आठवड्यात मी म्हटलं, ‘पापाजी, जाळीमुळे रस्त्यावरून मम्मीजींचं नाव दिसत नाही.’ संध्याकाळच्या आत जाळी कापली! वाळूच्या जागी रबराच्या लाद्यासुद्धा त्याच हिशेबानं झाल्या — म्हटलं, पेपरवाले खुर्चीत मूल बसवून फोटो मागतील, खुर्ची रुतली तर? घसरगुंडीला उतार झाला. सावलीला वर हिरवी जाळी लागली. माणुसकीनं जे महिन्यात झालं नाही ते फोटोच्या भीतीनं आठवड्यात झालं. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

६ एप्रिल, रविवार

आज काय ठरलं ते लिहून ठेवते.

उद्घाटन तेराला. आणि पहिल्या झोक्याची बोली लागणार!

ट्रस्टच्या काकांची कल्पना. पर्युषणात मंदिरात भगवंतांचा पाळणा झुलवायची बोली होते, सगळ्यांत मोठी बोली ज्याची त्याच्या घरचा मान. आमच्याकडे सगळे मान असेच मिळतात. बोली तुपाच्या मणात बोलायची, तूप कुठं नसतंच, पैसे जातात धर्मकार्याला. लहानपणापासून पाहिलंय, त्यात मला काही वाईट दिसत नाही. देवाचा पाळणा आहे, भाव असतो त्यात. पण हे म्हणे, पाळण्याची होते तर झोक्याची का नाही? जो जिंकेल त्याच्या घरचं मूल पहिलं बसेल. पैसे गोशाळेला. सगळ्यांनी वाहवा केली. एकालाही — एकालाही! — वाटलं नाही की ज्यांच्यासाठी झोका आहे ती मुलं कुठं बसणार.

मी विचारलं. पापाजी म्हणाले, ‘नंतर बसतील की. झोका कुठं पळून जातोय?’

आणि दुसरं. धुळ्याची मंडळी प्रमुख पाहुणे. म्हणून रोनकला तेराला सकाळीच बेबाबाईबरोबर भुसावळला माझ्या माहेरी पाठवायचं. ‘मामाकडे मजा येईल त्याला.’

त्याच्या आजीच्या नावाची बाग. त्याच्यासारख्या मुलांसाठी बांधलेली. आणि तिथं तो सोडून सगळे असणार. आपलं ठेवायचं झाकून, ही या घराची रीतच, पण एवढं? मांडव घालून, लाऊडस्पीकर लावून?

१२ एप्रिल

रोनकची बॅग भरली. मग रिकामी केली.

१३ एप्रिल, रविवार

मोडलं असेल लग्न तर मोडलं. आधी लिहून काढते, मग काय रडायचं ते रडेन.

सकाळी बेबाबाईला म्हटलं, रोनकला घेऊन स्टेशनवर जाऊ नकोस, रिक्षानं मागच्या रस्त्यानं बागेपाशी ये, मी फोन केला की आत. ती आत गेली, लुगडं बदलून आली. चांगलं.

मांडव भरलेला. पुढच्या रांगेत धुळ्याची मंडळी, त्यांच्याजवळ विधी. शिल्पाताई आणि मित्रा शेवटच्या रांगेत, पंखा पोचत नाही तिथं. भाषणं. ‘दिव्यांग म्हणजे देवाची लेकरं.’ टाळ्या. मग बोली. पाच मण, सात मण, अकरा मण. माईकवरचे काका रंगात आले — ‘पुण्याचं काम आहे, मागे राहू नका!’ शेवटी सराफ्यातल्या एका शेठजींनी जिंकली. जयजयकार. त्यांचा नातू धावत आला. आठ-नऊ वर्षांचा, गुबगुबीत, पायात नवे बूट. झोक्यापाशी येऊन उभा राहिला. आणि बसणार कुठं? झोक्यावर सीटच नाही. खुर्चीसकट चढायचा झोका तो. खुर्ची तुमची तुम्ही आणायची असते!

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग एका काकांनी मांडवातली प्लास्टिकची खुर्ची उचलून झोक्यावर ठेवली. पोराला तिच्यात बसवलं. खुर्ची सरकायला लागली तर हारांच्या सुतळीनं बांधली. बांधली! धडधाकट पोर, खुर्चीला बांधलेलं. फोटोवाला म्हणतो, ‘हसा.’ पोर रडकुंडीला आलेलं, म्हणतं, मला घसरगुंडीवर जायचंय.

माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. फोन केला. फाटकापाशी गेले आणि बेबाबाईच्या हातून खुर्ची घेतली. मधल्या वाटेनं ढकलत निघाले. लोक बाजूला होत होते, कुणी पेशंट आहे असं समजून. अर्पित उठला, अर्धा, आणि तसाच राहिला. मी त्या पोराची सुतळी सोडली. तो इतका खुश झाला की थँक्यू म्हणून पळाला. मग माईक घेतला. भाषण वगैरे सुचलं नाही. एवढंच म्हटलं, ‘हा रोनक. अभयकुमारजींचा नातू, माझा मुलगा. जतनबाईंनी याला कडेवर वाढवला. आम्ही बोली लावली नाही. झोका याचा आहे.’

कुणाचा तरी मोबाईल वाजत होता.

मी एकटीच खुर्ची झोक्याच्या उतारावर चढवायला लागले तर चाकं मागे घसरायची. तेव्हा मागून कुणीतरी जोर लावला. विधी! भरजरी साडी खोचून. कड्या तिनंच अडकवल्या. म्हणाली, ‘भाभी, धरू नका आता, सोडा.’ आणि ढकललं.

रोनक ओरडला. घरात ओरडतो तसाच. पण खाली यायला नाही. मागून मित्रा ओरडली, ‘कोण हसतंय, रोनक का?’ आणि शिल्पाताईंचा हात ओढत पुढे आली. मग कुणाची कुणाची मुलं धावली. पुढचं मला नीट आठवत नाही.

आठवतं ते एवढं — पापाजी गाडीत जाऊन बसले. आणि धुळ्याची मंडळी न जेवता गेली. कोकिळाबाई पदर तोंडाला लावून, झपाझप, मागं न बघता.

१४ एप्रिल

पापाजी माझ्या हातचा चहा घेत नाहीत, बेबाबाईनं नेला तर घेतात. अर्पित म्हणाला, ‘झालं समाधान?’ मी म्हटलं, हो! झालं! तू अर्धा उठलास तेव्हा पूर्ण उठला असतास तर तुझंही झालं असतं.

धुळ्याहून फोन नाही. विधीला म्हटलं, माफ कर मला. बाकी कशाची माफी मागणार नाही, पण तुझी मागते. ती म्हणाली, ‘भाभी, मला कुणी विचारलंच नव्हतं. रोनकला लपवायचं का म्हणून मला कधी विचारलं का तुम्ही लोकांनी?’ आणि रडली. मुलगा तिला खरंच आवडला होता.

१६ एप्रिल

संध्याकाळी रोनकला बागेत नेलं. उघड, पुढच्या दारानं, पापाजींसमोरून. त्यांनी पेपर वर धरला.

बाग ओसंडून वाहतेय. धावणारी, आपटणारी, भांडणारी. छान आहे. पण खुर्चीतला एक रोनक, दृष्टी नसलेली एक मित्रा. बस! एवढ्या मोठ्या शहरात दोनच? बाकीची कुठं आहेत?

कुठं असणार. वर. बायांनो, तुम्ही काय वाट बघताय? आणि मी तरी कुठल्या तोंडानं विचारू, माझाच परवापर्यंत वर होता. शिल्पाताई म्हणाल्या, एकेक दार वाजवावं लागेल. मी म्हटलं, लाथ घालावी लागेल.

१८ एप्रिल

धुळ्याहून फोन. कोकिळाबाईंचा. पापाजींना नाही, मला. नंबर विधीकडून घेतला म्हणे. मी मनाची तयारी केली, आता नकार ऐकायचा.

हळू बोलत होत्या. विचारलं, ‘तुमची बाग दुपारी उघडी असते का? उन्हात कुणी येत नसेल तेव्हा?’

म्हटलं, कशाला?

मग म्हणाल्या, ‘आमची एक धाकटी आहे. चौदा वर्षांची. ती पण खुर्चीत असते. तुमच्याकडे सांगितलं नव्हतं.’

मी म्हटलं, दुपारी बाग बंद असते. रविवारी संध्याकाळी आणा तिला, तोबा गर्दी असते तेव्हा.